कोकम सरबताची रेड वाईन

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. स्टाफरूममध्ये दुपारी डबे उघडले की कुणीतरी म्हणतं, "मॅडम, ते मुंग्यांचं सांगा की!" मग मी सांगते, सगळे हसतात, आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणाला तरी दुसरं काहीतरी आठवतं. असं करत करत ढीग होतो. पण खरं सांगू? यातला एकही किस्सा घडताना मी हसत नव्हते. घडताना प्रत्येक वेळी माझे हात गार पडलेले होते.

मी माने मॅडम. सांगलीजवळच्या एका हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात शिकवते. माझा विषय, कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाईन द्यायची. आणि कॉलेजात वाईनचा एक थेंब आणायला बंदी! मुलांची वयं बसत नाहीत, आणि संस्थेलाही ते चालत नाही. त्यामुळं आमच्याकडं रेड वाईन म्हणजे कोकम सरबत. व्हाईट वाईन म्हणजे बिनदुधाचा फिका चहा, फ्रीजमध्ये गार केलेला. रोझे ही गुलाबी वाईन म्हणजे गुलाबाचं सरबत, पाणी जास्त घालून. आणि फसफसणारी म्हणजे लिंबू सोडा.

मी स्वतः आयुष्यात एकदाच वाईन तोंडात घेतलीय, नाशिकला ट्रेनिंगला गेले होते तेव्हा. तिथं चव घेऊन थुंकायची असते, त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. मला सगळ्यांसमोर थुंकायची लाज वाटली, म्हणून तीन वाईन दिल्या त्या तिन्ही गिळल्या! नंतर दिवसभर तोंडावर रुमाल धरून बसले. चव विचाराल तर आठवत नाही. भीती तेवढी आठवते.

*

सुरुवातीला आमच्याकडं बाटल्यासुद्धा नव्हत्या. प्राचार्य म्हणाले, "रिकाम्या कुठून मिळाल्या तर बघा."

माझं माहेर कराडचं. भावाच्या मित्राचं हॉटेल आहे तिथं. भावानं चौदा रिकाम्या बाटल्या पेपरात गुंडाळून एका पोत्यात भरून दिल्या आणि मला एसटीत बसवून दिलं. पोतं पायाशी. गाडी हलली की आतून किणकिण. प्रत्येक स्पीडब्रेकरला मी दोन्ही पायांनी पोतं दाबून धरत होते.

इस्लामपूरच्या स्टँडवर आमच्या गल्लीतल्या चौगुले काकू चढल्या. अख्खी गाडी रिकामी, पण बसल्या माझ्या शेजारी!

पहिलाच खड्डा. किणकिण.

"काचेचं काय आणलंस गं?"

"बरण्या, काकू. आईनं दिल्यात. लोणचं आहे."

मग पुढचा खड्डा.

"भरलेल्या बरण्या अशा वाजत न्हाईत."

"थोडं थोडंच आहे काकू, प्रत्येकीत."

सांगली येईपर्यंत त्या पोत्याकडंच बघत होत्या. नवीन लग्न झालेलं, सासर त्याच गल्लीत. संध्याकाळपर्यंत सासूबाईंच्या कानावर जाणार हे मी धरूनच चालले होते. उतरताना काकूंनी पोत्याचं एक टोक धरलं, मदत म्हणून. पेपर सरकला आणि एका बाटलीची मान वर आली, सोनेरी कागद लावलेली. मी बघितली. काकूंनीही बघितली.

त्यांनी पेपर नीट पुढं ओढला, मान झाकली आणि म्हणाल्या, "आंब्याचं असलं तर आमच्याकडं वाटीभर पाठव."

पाठवलं. मला लोणचं करता येत नाही, आईकडून आणून दिलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात काकूंची रिकामी वाटी आमच्या दारात येते!

*

आता ते मुंग्यांचं.

वार्षिक प्रॅक्टिकलला बाहेरचे परीक्षक येतात. त्या वर्षी पुण्याहून एक आले, इस्त्रीचा कडक शर्ट, चष्म्याला साखळी. मुलांनी त्यांना टेबलावर बसवून जेवण वाढायचं, बरोबरची वाईन द्यायची आणि हीच का निवडली ते सांगायचं. कोकम सरबत आदल्या दिवशीच बाटल्यांत भरून ठेवलेलं. सकाळी बघते तर भिंतीपासून बाटलीच्या तोंडापर्यंत मुंग्यांची रांग!

आमचे प्रॅक्टिकलचे शिंदे सर साताऱ्याकडचे. फौजेत ऑफिसर मेसला हवालदार होते, तिथून रिटायर होऊन आमच्याकडं आले. त्यांनी ओल्या फडक्यानं बाटल्या पुसल्या. "फिकर नको मॅडम. भाईरच्या सगळ्या मेल्या."

बाहेरच्या! आतल्यांचं कुणी बघितलंच नाही.

पहिला नंबर संग्रामचा. इस्लामपूरकडचा मुलगा, उंचापुरा, आवाज खणखणीत. त्यानं नियमाप्रमाणं लेबल दाखवलं आणि चवीपुरती ओतली. परीक्षकांनी ग्लास उजेडात धरला. धरायचाच असतो तसा. मी दारापाशी उभी.

"हे काय आहे?"

जुन्या रेड वाईनला तळाशी गाळ येतो, हे मीच शिकवलेलं. संग्राम शांतपणे म्हणाला, "गाळ आहे सर. वाईन जुनी आहे."

परीक्षकांनी ग्लास आणखी जवळ धरला. "तुमचा गाळ पोहतोय."

"सर, अजून बसला नाही," संग्राम म्हणाला!

मला वाटलं, संपलं. डिपार्टमेंट बंद होणार. परीक्षकांनी वहीत बराच वेळ काहीतरी लिहिलं. ते गेल्यावर बघितलं, तर संग्रामला पैकीच्या पैकी मार्क आणि पुढं शेरा, 'उमेदवार गडबडत नाही.'

डिपार्टमेंटसाठी वेगळा शेरा होता. 'साखर कमी करावी.'

*

आमचे प्राचार्य उपाध्ये सर जैन आहेत. कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखालचं काही नाही. माणूस इतका सज्जन की शिपायालाही अहो म्हणतात. कॉलेजातल्या परीक्षेच्या प्रत्येक पेपरवर त्यांची सही लागते.

एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझा पेपर समोर, पेन बंद.

"मॅडम, पाच प्रश्नांत चार वेळा मटण आहे."

"सर, सिलॅबसमध्येच तसं आहे."

"असेल. पण सही करणं म्हणजे एका अर्थी वाढणंच की हो." आणि मान खाली घालून बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

झेरॉक्सवाला बाहेर थांबलेला. मी तिथंच बसून पेपर बदलला. शेवटचा प्रश्न असा झाला, 'कांदा-लसूण न घातलेल्या दोडक्याच्या भाजीबरोबर कोणती वाईन सुचवाल? कारणे द्या.' सरांनी लगेच सही केली.

बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं, याचं उत्तर मलाच माहीत नाही! घरी येऊन सगळी पुस्तकं उलटीपालटी केली. दोडका एकाही पुस्तकात नव्हता.

मुलांनी ठोकून दिलं होतं, कुणी रेड, कुणी व्हाईट. कवठे महांकाळची अक्षता म्हणून एक अबोल मुलगी आहे, तिनं दोनच ओळी लिहिलेल्या. 'असे जेवणारे पाहुणे वाईन घेत नाहीत. त्यांना उकळून गार केलेले पाणी द्यावे.'

मी आधी शून्य दिलं. मग शून्य खोडलं. मग पुन्हा दिलं. शेवटी तो पेपर घेऊन सरांकडं गेले. त्यांनी त्या दोन ओळी तीनदा वाचल्या, माझ्या हातातलं लाल पेन घेतलं आणि शून्याच्या आधी एक काढला.

"दहा मार्कांचाच प्रश्न होता ना?" म्हणाले.

*

खरी वाईन वाढायची वेळ आमच्यावर एकदाच आली, तीही कॉलेजच्या बाहेर. संस्थेच्या एका विश्वस्तांचं साताऱ्याजवळ फार्महाऊस आहे. त्यांच्याकडं द्राक्षबागा बघायला परदेशी पाहुणे आले होते. दुपारचं जेवण, आणि बरोबरची वाईन कोणती, हे माने मॅडमनी ठरवायचं! जेवण काय, तर मटणाचा झणझणीत रस्सा, भाकरी आणि ठेचा.

मी चार दिवस वाचत होते. जेवताना वाचत होते, गॅसवर दूध ठेवून वाचत होते. दूध दोनदा उतू गेलं. शेवटी लिहून काढलं की जहाल तिखटाबरोबर कडक रेड दिली तर तोंडाची आग वाढते, तेव्हा थोडी गोडसर व्हाईट, चांगली गार करून द्यावी. शिंदे सरांना कागद दाखवला.

त्यांनी वाचला आणि घडी घालून परत दिला. "येवडं कशाला वाचलं मॅडम? तिखटाला गोड द्यायचं, तेलकटाला आंबट द्यायचं, आन् सायबाच्या तोंडाकडं बघत ऱ्हायचं. मेसला आमी लय वर्सं हेच केलं."

पण खरा घोळ पुढंच होता. फार्महाऊसवर बाटल्या आल्या त्या बुचाच्या. आमच्या सरावाच्या बाटल्यांना कधीच बूच नव्हतं! शिंदे सरांनी खिशातून मेसच्या काळातला बूच काढायचा स्क्रू काढला, फिरवला, आणि अर्धं बूच हातात आलं. अर्धं आत. दुसरी बाटली, तोच प्रकार. पाहुणे टेबलावर बसलेले. विश्वस्तांची मान आमच्याकडं वळलेली.

"आता काय सर?" मी हळूच विचारलं.

"आत ढकला," शिंदे सर म्हणाले. चमच्याच्या दांड्यानं त्यांनी बूच आत ढकललं, स्वयंपाकघरातून काचेचा जग आणि चहाची गाळणी आणली. मी "अहो, गाळणी नको!" म्हणेपर्यंत ते ताठ चालत थेट पाहुण्यांच्या टेबलापाशी पोहोचले. सगळ्यांच्या समोर, फौजी थाटात, डावा हात पाठीमागं बांधून, त्यांनी गाळणीतून वाईन जगमध्ये गाळली. एक थेंब बाहेर नाही.

पाहुण्यांनी मोबाईल काढले. फोटो, व्हिडिओ. एक बाई तर टाळ्या वाजवायला लागल्या. मी स्वयंपाकघराच्या दारामागं उभी राहून नोकरीच्या राजीनाम्यात काय लिहायचं ते ठरवत होते.

पाहुणे गेल्यावर विश्वस्त आमच्याकडं आले. "शिंदे, ते गाळायचं फार छान झालं. पण पुढच्या वेळी गाळणी चांदीची ठेवा."

*

संग्रामची आई आली त्या दिवसाचा किस्सा मी स्टाफरूममध्ये सहसा सांगत नाही.

न कळवता आल्या होत्या, मुलाला डबा घेऊन. प्रॅक्टिकल चालू होतं. खिडकीतून त्यांनी बघितलं, आपला मुलगा हातात बाटली धरून ग्लास भरतोय. लाल. त्या आत आल्या त्या ओरडत नाही, काही नाही. पहिल्या खुर्चीवर बसल्या आणि डबा मांडीवर घट्ट धरला.

"आवं बाई," मला म्हणाल्या, "माज्या पोराला तुमी काय शिकवताय?"

संग्राम पांढराफटक पडला. "आई, सरबत आहे ते!"

"तुजा बाप बी असंच म्हणायचा."

मी तो ग्लास उचलला आणि त्यांच्यापुढं धरला. त्यांनी आधी वास घेतला, बराच वेळ. मग ओठ लावले. मग सगळा पिऊन टाकला.

"कोकम हाय."

"हो, कोकमच."

"आन् खरी कवा देणार?"

"इथं कधीच नाही."

"इथं न्हाई. आन् नोकरीला लागल्यावर?"

यावर मी खोटं बोलू शकले नसते. "तिथं दुसऱ्याला ओतावी लागेल, ताई. रोज."

त्यांनी मुलाकडं बघितलं. मग डबा उघडून टेबलावर मांडला. भाकरी, मेथीची भाजी, दही, भाजलेले शेंगदाणे. संग्रामला बसवलं, समोर वाढलं, आणि मला म्हणाल्या, "कशाबरूबर काय खायाचं, ते म्या शिकवलंय त्याला. काय प्यायाचं न्हाई, तेवडं तुमी शिकवा."

माझ्या सिलॅबसमध्ये तो धडा नाही. दर वर्षी पहिल्या तासाला मी तो शिकवते.

*

आणि आता अक्षताचं. हा किस्सा अजून ताजा आहे.

समुद्रातल्या मोठ्या प्रवासी बोटींवर नोकरी देणाऱ्या एका कंपनीचे पुण्यातल्या हॉटेलात इंटरव्ह्यू होते. आमच्याकडून अक्षता एकटीच निवडली गेली होती. बरोबर मी, आणि तिचे वडील. त्यांचं कवठे महांकाळजवळ बेदाण्याचं शेड आहे, द्राक्षं सुकवून बेदाणा करतात. नवीन पांढरा शर्ट घालून आले होते. आम्ही दोघं बाहेर काचेच्या दारापाशी खुर्च्यांवर. आतलं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

राखाडी सुटातले एक साहेब. त्यांनी अक्षतापुढं तीन ग्लास ठेवले, तिन्हीत रेड. खरी! मी उठून उभी राहिले. या मुलीनं जन्मात खऱ्या वाईनचा वास घेतलेला नाही, आणि याला जबाबदार मी.

"काय झालं मॅडम?" वडिलांनी विचारलं.

"काही नाही."

तिनं पहिला ग्लास नाकाशी नेला, काहीतरी बोलली. दुसरा नेला, बोलली. तिसरा नेला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग दोन बोटांनी तो ग्लास टेबलावर लांब सरकवला आणि मान हलवली. नाही.

"नगं म्हणतीया व्हय?" वडील म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

साहेब काहीतरी म्हणाले. ती पुन्हा नाही. मग ते उठले आणि थेट आमच्याकडं येऊन दार उघडलं. "यू आर हर टीचर? प्लीज कम इन."

मी आत गेले. वडील माझ्या मागोमाग दारापर्यंत आले आणि तिथंच थांबले.

साहेब इंग्रजीतून बोलत होते. तुमची विद्यार्थिनी म्हणते, ही वाईन खराब आहे, मी पाहुण्यांना देणार नाही. तुम्ही शिकवलंय तिला. वास घ्या आणि सांगा, तिचं बरोबर आहे का?

आणि ग्लास माझ्या हातात!

मी ग्लास गोल फिरवला. तेवढं येतं. नाक आत घातलं. वाईनचा वास आला, वाईनचा असतो तसा. दुसरं काहीही नाही. पुन्हा घेतला. काही नाही. हो म्हणावं आणि बाटली चांगली निघाली, तर कॉलेजचं नाव गेलं. नाही म्हणावं, तर ही मुलगी इथंच संपली. अक्षता माझ्याकडं बघत होती. डोळ्यांत पाणी नाही, विनंती नाही. नुसती बघत होती.

मी मराठीतच विचारलं, "अक्षता, कसला वास येतोय तुला?"

"भिजलेल्या खोक्यांचा, मॅडम."

"कसली खोकी?"

"वादळात आमच्या शेडवरचा पत्रा उडाला होता. बेदाण्याची भरलेली पुठ्ठ्याची खोकी भिजली. पप्पांनी माल बाहेर काढून वाळवला, पण खोक्यांचा वास गेला न्हाई. आमी ती घरातच ठेवलेली, दुसरीकडं जागा नव्हती. मी त्याच खोलीत अभ्यासाला बसायची. तोच वास हाय ह्यो. बारीक हाय, पण तोच हाय."

दारात तिचे वडील खाली बघत होते.

मी ग्लास टेबलावर ठेवला. "सर, मला हा वास येत नाही," मी म्हणाले. "पण ती येतो म्हणते, म्हणजे येतोय. ही बाटली कुणाला देऊ नका."

साहेबांनी ग्लास उचलला, नाकाशी धरला आणि डोळे मिटले. मग हॉटेलच्या माणसाला बोलावून त्याच्या हातात दिला. त्या माणसानं वास घेतला, साहेबांकडं बघितलं आणि बाटली घेऊन गेला.

बूच बिघडलं की वाईनला असाच ओल्या पुठ्ठ्याचा वास लागतो, हे मला नंतर पुस्तकात सापडलं.

साहेब अक्षताकडं वळले आणि इंग्रजीतूनच म्हणाले, "पासपोर्ट आहे?"

"अर्ज केलाय, सर."

"आला की लगेच कळवा. पुढच्या बॅचला घेतो तुम्हाला."

"म्हंजे झालं व्हय, सायेब?" दारातून वडिलांनी विचारलं.

"झालं," साहेब स्वच्छ मराठीत म्हणाले. आणि मग माझ्याकडं बघून, "मॅडम, तुम्ही मुलांना नक्की काय शिकवता?"

"ओतायला," मी म्हणाले.